झाडावरचे कॅमेरे आणि माझं खोटं रजिस्टर

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाच्या रांगेत नवीन ओळख झाली की लगेच विचारणा होते, "तुम्ही कुठे असता? म्हणजे कुठल्या कंपनीत?" पुढची बाई बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, मागची औषधांच्या संशोधनात. मी सांगते, "मी शिकारी लोकांचे कॅमेरे दुरुस्त करते." एकदा एका काकूंनी हातातली मसालेभाताची प्लेट सावरत विचारलं, "अगं बाई, म्हणजे तू जंगलात जातेस?" मी म्हटलं, "नाही हो काकू, मी टेबलाशीच बसते. जंगल माझ्याकडे कुरिअरनं येतं."

आणि ते खरंच येतं. खोकं उघडलं की वाळलेली पानं निघतात, चिखल निघतो, कधी पाइनचा चीक बोटांना चिकटतो तो दोन दिवस जात नाही. एकदा एक भलामोठा कोळी निघाला. त्याला मी खिडकीत सोडलं, तर पुढे महिनाभर तो तिथेच राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात, सात-आठ माणसांच्या एका छोट्या कंपनीत गेली अकरा वर्षं मी हे काम करतेय. यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला, "नीलाताई, तुमच्या कामावर लिहा ना." मी म्हटलं, माझं शिक्षण आठवी. त्या म्हणाल्या, "म्हणूनच लिहा." याचा अर्थ मला नीटसा कळला नाही, पण मला नाही म्हणता येत नाही, म्हणून हो म्हणून बसले. या न म्हटलेल्या 'नाही'नं आणि माझ्या घाबरटपणानं एकदा मला आणि सगळ्या कंपनीला केवढ्या अडचणीत टाकलं होतं, तेच सांगते.

आधी कॅमेरा समजून घ्या. ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधायची, जेवणाच्या डब्याएवढी प्लास्टिकची पेटी. तिला उष्णता ओळखणारा एक डोळा असतो. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं, की तो डोळा आतल्या कॅमेऱ्याला जागं करतो आणि फोटो निघतो. हल्लीचे कॅमेरे तो फोटो थेट फोनवर पाठवतात. इथले शिकारी उन्हाळ्यातच असे कॅमेरे जंगलात लावून ठेवतात. कुठलं हरिण कुठल्या वाटेनं, किती वाजता येतं ते बघतात आणि हंगाम सुरू झाला की त्या अंदाजानं जाऊन बसतात. ऑक्टोबरात धनुष्यबाणवाले, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतर बंदूकवाले. माझ्या माहेरी अंडंसुद्धा अंगणात वेगळ्या पातेल्यात उकडायचे, आणि मी या धंद्यात! देवाला हे ठाऊक असणारच. अजून तरी तो रागावलेला दिसत नाही.

लोक मला विचारतात, चांगला कॅमेरा कुठला? त्यांना वाटतं मी फोटोच्या स्पष्टपणाबद्दल बोलेन. मी म्हणते, एक असतो टिकाऊ आणि एक असतो भरवशाचा. टिकाऊ कॅमेऱ्यावर झाड पडलं तरी तो जगतो. भरवशाचा कॅमेरा नेमक्या त्या एका पहाटे झोपलेला नसतो. दोन्ही गुण एकाच पेटीत असतील तर ती पेटी मुलीसारखी सांभाळा.

टिकाऊपणाचे शत्रू तर विचारूच नका. अस्वलाला नव्या प्लास्टिकचा वास का आवडतो कोण जाणे, पण आवडतो. दातांची भोकं पडलेला कॅमेरा आला की त्यातला शेवटचा फोटो मी न बघता सांगू शकते: सगळा गुलाबी. ती अस्वलाची जीभ असते. मुंग्यांना आतली ऊब आवडते, त्या अंड्यांसकट संसार थाटतात. खारी पट्टा कुरतडतात. एका गृहस्थांचा कॅमेरा ओढ्याच्या पुरात वाहून गेला, तो पुढच्या वसंतात गाळात सापडला. त्यांनी तो नुसतं आतलं फोटोंचं कार्ड वाचून घ्यायला पाठवला होता, मी बॅटऱ्या बदलल्या आणि कॅमेऱ्यानं माझाच फोटो काढला. तोंड उघडं, डोळे मोठे. तो फोटो आमच्या जेवणाच्या खोलीत लावलाय.

आणि माणसं! एकांनी रागावून कॅमेरा परत पाठवला: हा वेडा झालाय, रिकाम्या जागेचे हजारो फोटो काढतो. मी फोटो बघितले. समोर एक नेचा वाढला होता, उन्हानं तापायचा आणि वाऱ्यानं हलायचा. कॅमेऱ्याला वाटायचं कुणी आलं. मी फोनवर सांगितलं, "समोरचं गवत कापा, आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला करा, म्हणजे ऊन डोळ्यात जाणार नाही." ते म्हणाले, "बाई, माझ्या झाडाला उत्तर बाजू नाहीये." मी सॉरी म्हटलं.

सॉरी मी फार म्हणते. त्याचं कारण जुनं आहे.

मी आठवीत इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा वडिलांनी मला शाळेत पाठवणं थांबवलं. रागावून नाही, दमून. दादा हुशार, तो शिकला. मी भोसरीला एका रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला, म्हणजे बोर्डावर तारा डागायला, लागले. नऊ वर्षं केलं. तिथे आमच्या लाइनच्या टोकाला एक रजिस्टर असायचं. जिच्या हातचा बोर्ड नापास झाला तिच्या नावापुढे साहेब लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचे. रेघा वाढल्या की बोलावणं यायचं, आणि बोलावणं आलेल्या मुली पुढच्या महिन्यात दिसायच्या नाहीत. त्यामुळे आम्ही सगळ्या एक गोष्ट शिकलो होतो. चूक दिसली की, ती कुणाचीही असो, गुपचूप दुरुस्त करायची आणि बोर्ड पुढे ढकलायचा. मी त्यात पटाईत होते. माझ्या नावापुढे नऊ वर्षांत चार रेघा.

पुढे दादानं आमचे कागद केले, आणि कितीतरी वर्षं वाट बघून मी, आमचे हे आणि लेक सई अमेरिकेत आलो. पहिलं वर्ष पिस्कॅटवेला दादाच्या बेसमेंटमध्ये काढलं. त्याचे आणि वहिनींचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. मग ह्यांना इकडच्या एका मोटेलच्या फ्रंट डेस्कवर नोकरी मिळाली. पोस्टातल्या फळ्यावर ह्यांनी एक चिठ्ठी बघितली, 'सोल्डरिंग येणारं माणूस हवं.' मी स्वेटरवरून स्वेटर घालून गेले. मालकाचं नाव ग्लेन. त्यानं एक बंद कॅमेरा आणि सोल्डरिंग आयर्न पुढे ठेवलं. केसाएवढी एक तार सुटली होती, मी जोडून दिली. त्यानं भिंगातून तो सांधा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "भोसरी." ही एखादी युनिव्हर्सिटी असावी असं त्याला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

मालकाला नुसत्या नावानं हाक मारणं माझ्यानं काही झालं नाही. मी त्याला 'मिस्टर ग्लेन' म्हणते. पॅकिंगमध्ये बसणारी आणि फोन घेणारी आमची डोना म्हणते, "असं ऐकलं की मला वाटतं तो न्हावी आहे, सलूनच्या पाट्यांवर अशीच नावं असतात."

ग्लेन परदेशातून तयार कॅमेरे मागवतो आणि आपल्या नावानं आसपासच्या दुकानांना देतो. बिघडलेला माल माझ्याकडे येतो. माझ्या टेबलावरही एक रजिस्टर होतं. गिऱ्हाइकाची तक्रार काय, आत काय सापडलं, काय केलं. पहिल्याच दिवशी ग्लेननं दाखवलं होतं, "यात सगळं लिहायचं." मी मान डोलावली. रजिस्टर बघून मला भोसरीची लाल पेन्सिल आठवली, ती त्याला कशी दिसणार?

आमच्या एका मॉडेलच्या आत धुकं धरायचं. पेटी पाण्यापासून वाचते ती दारालगत बसवलेल्या रबरी सीलमुळे, आपल्या कुकरच्या रिंगसारख्याच. या मॉडेलमध्ये बिजागरीजवळच्या खालच्या कोपऱ्यात ते रबर नीट वळत नसे, तिथे ढिलं पडे. हे मला यंत्रानं कळलं नाही. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली की कळतं. सील घट्ट असेल तर कागद फाटतो, नसेल तर अलगद बाहेर येतो. या मॉडेलच्या कोपऱ्यात कागद लोण्यातून आल्यासारखा यायचा.

मग मी काय केलं? रबराची गोल दोरी मिळते, ती मापानं कापली, टोकं तिरकी कापून गोंदानं जोडली, वर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं आणि जुनं सील काढून हे बसवलं. कोमट पाण्याच्या टबात बुडवून बघितलं, एक बुडबुडा नाही. आणि रजिस्टरात लिहिलं: 'साफ केलं. ठीक.'

असे दोन हंगाम. डझनांनी कॅमेरे आले, मी सगळे बरे करून पाठवले आणि प्रत्येकापुढे 'ठीक' लिहिलं. मला वाटायचं, बिघाड लिहिला तर बिघाड माझा होईल. गिऱ्हाइकं खूश होती. ग्लेन दारातून डोकावून म्हणायचा, "नीला, हे मॉडेल तर दगड आहे दगड!" मी हसायचे. एवढं मात्र होतं की काढलेली सीलं मी टाकली नव्हती. भोसरीत खराब भाग दाखवल्याशिवाय स्टोअरवाला नवा देत नसे, ती सवय. आयसेलिनच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत मी ती साठवत होते, प्रत्येकाला कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावून.

याच दिवसांतली एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका खोक्यात एका सुनेची चिठ्ठी होती. तिचे सासरे जन्मभर शिकार केलेले, आता अंथरुणावर होते. मुलानं त्यांच्या नेहमीच्या झाडावर कॅमेरा लावला होता आणि त्याचे फोटो बघण्यात त्यांचा दिवस जायचा. आठवडाभर नुसतं धुकं येतंय, लवकर करा, असं तिनं लिहिलं होतं. मी दुपारचं जेवण बाजूला ठेवून तो कॅमेरा केला. डोनानं पत्ता पक्का करायला फोन लावला. बोलून झाल्यावर तिनं फोन हळूच ठेवला आणि म्हणाली, "आता घाई नाही, नीला. परवा गेले ते." मी तो कॅमेरा पुसला, बांधला, आणि त्या ओळीपुढेही 'ठीक' लिहिलं.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्लेननं डोनट आणून सगळ्यांना गोळा केलं. फोनवर फोटो पाठवणारं नवं मॉडेल येणार होतं. त्याच्या आजवरच्या धंद्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर. तो म्हणाला, "तिकडच्या कारखान्यानं विचारलं, पेटी कुठली घ्यायची. मी दोन वर्षांचं नीलाचं रजिस्टर काढलं. जुन्या मॉडेलच्या पेटीला एकसुद्धा सीलची तक्रार नाही. म्हटलं, हीच पेटी द्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला डोनट तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी माल उतरला. येत्या सोमवारी तो दुकानांत जायचा होता. मी एक खोकं फोडलं, कागदाची पट्टी अडकवली आणि खालच्या कोपऱ्यातून ओढली. अलगद आली. दुसरं फोडलं. अलगद. अशी बारा खोकी फोडली.

घरी ताटावर बसल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू काय मालक आहेस? तुला कुणी विचारलंय का? परत येतील तेव्हा करशील दुरुस्त, नेहमीसारखे."

सई म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली द प्रॉब्लेम. आई, जस्ट टेल हिम."

"आणि त्यांनी काढून टाकलं तर?"

"देन यू कॅन स्टॉप वरीइंग अबाउट इट, ना."

पोरगी हसत होती. काढून टाकतील ही भीती होतीच. या वयात, या इंग्रजीवर मला कोण घेणार? दादाला काय तोंड दाखवू? पण त्याहून वाईट विचार दुसराच होता. माझ्याकडे परत आलेले कॅमेरे मी बरे केले. जे लोक परत पाठवायच्या भानगडीत पडलेच नाहीत, त्यांचं काय झालं असेल? त्यांनी शिव्या देऊन ते कचऱ्यात टाकले असतील. आणि आता तर गोदामभर माल होता.

गुरुवारी सकाळी मी श्रीखंडाचे पाचही डबे ग्लेनच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"अरे वा, काहीतरी गोड?" म्हणून त्यानं झाकण उघडलं. आत काळी रबरं.

"हे काय आहे, नीला?"

"सीलं. खराब. जुन्या मॉडेलची."

त्यानं एक उचलून चिकटपट्टी वाचली. मग दुसरी. "पण ही तर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. रजिस्टरात तर..."

"मिस्टर ग्लेन, रजिस्टर खोटं आहे."

मग मी त्याला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत भोसरीची लाइन, लाल पेन्सिल, रेघा, सगळं. मध्ये मी चारदा सॉरी म्हटलं असेन. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी कधी तुझ्या नावापुढे रेघ ओढली?"

"नाही."

"मग?"

मी डब्याचं झाकण परत लावलं. तो उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला.

ग्लेन विचारात पडला की गोदामाभोवती फेऱ्या मारतो. मी माझा डबा, चष्म्याची पेटी आणि टेबलावरचा छोटा गणपती पिशवीत भरायला लागले. डोना खिडकीशी उभी राहून बातम्या देत होती.

"दुसरी फेरी... तिसरी... आता एकटाच बोलतोय. नीला, पिशवी ठेव खाली."

"त्यांना माझं तोंड बघायचं नसेल."

"रागावला की तो दोन फेऱ्या मारतो. गेल्या वर्षी मी चुकून दोन राज्यांचा माल एकमेकांना पाठवला होता ना, तेव्हा दोन मारल्या होत्या. ही चौथी चाललीय. चौथी म्हणजे तो काहीतरी मोजतोय."

सहाव्या फेरीनंतर तो आत आला. पिशवीतल्या गणपतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सगळ्यांची सीलं बदलायला किती दिवस?"

"मी एकटी? दिवाळीपर्यंत."

"ती कधी असते?"

"फार उशिरा."

"आणि माणसं दिली तर?"

"दहा दिवस. पण मी सांगेन तसंच करायचं."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला माहीत नाही. ग्लेननं मान डोलावली आणि फोन उचलला. एकेका दुकानदाराला त्यानं सांगितलं, सील खराब निघालंय, आम्ही इथे बदलतोय, दोन आठवडे थांबा. एकानं ऑर्डर रद्द केली. बाकीचे थांबले. फोन ठेवून तो मला म्हणाला, "आणि ते रजिस्टर. डबे घेऊन बस, आणि दोन्ही वर्षांचं परत लिही. या वेळी खरं."

ते मी घरी बसून लिहिलं. मी रबरावरचा नंबर वाचायचे आणि सई इंग्रजीत लिहायची. त्या अंथरुणावरच्या आजोबांच्या कॅमेऱ्याचा नंबर आला तेव्हा मी तिला गोष्ट सांगितली. तिनं पेन खाली ठेवलं, नाक पुसलं आणि मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सील खराब. आत पाणी.' पुढे तारीख.

सोमवारी गोदामात मी लाइन लावली. भोसरीसारखीच लांब टेबलं एकाला एक जोडून. पहिल्यानं दार उघडून जुनं सील काढायचं, दुसऱ्यानं खाच पुसायची, तिसऱ्यानं दोरी कापायची, चौथ्यानं जोडायची, पाचव्यानं ग्रीस लावून बसवायची, आणि टबाशी मी. माणसं कुठून आली म्हणाल तर ग्लेनची बायको आली, तिच्या चर्चमधल्या दोघी आल्या, पॅकिंगवाले होतेच. आणि अर्ल आला.

अर्लबद्दल सांगायलाच हवं. हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. निवृत्त दूधवाला, सहा बहिणींचा एकुलता भाऊ. त्यानं आपल्या सहा कॅमेऱ्यांना सहा बहिणींची नावं दिलीत. कॅमेरा पाठवत नाही, मांडीवर घेऊन स्वतः येतो. "रूथला दिसतं सगळं, पण सांगत नाही," म्हणजे कार्ड खराब. "मार्था परत ओली झालीय." कॅमेरा कुठल्या जंगलात लावलाय ते मात्र मरेपर्यंत सांगणार नाही. मी एकदा सहज विचारलं तर म्हणाला, "झाडावर."

त्यानं नव्या मॉडेलचे दोन कॅमेरे आधीच सांगून ठेवले होते. उशीर का होतोय विचारायला आला आणि खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या दिवशी एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंना घेऊन आला. "ही माझी थोरली बहीण, मार्था."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या ओल्या होणाऱ्या?"

मार्थाबाईंनी भावाकडे असं बघितलं की सबंध लाइन थांबली. मग त्याच आधी हसल्या. रबर कापायला त्यांच्याइतका अचूक हात मी भोसरीतही बघितला नव्हता.

ते दहा दिवस मी साहेब होते. रोज सकाळी टबातलं पाणी कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या अंघोळीला बघतो तसं. कोमट पाण्यानं आतली हवा फुगते आणि कुठे फट असेल तर बुडबुडा सोडते. काही कॅमेरे जेवणाच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये डोनाच्या लझान्याच्या डब्याशेजारी चोवीस तास ठेवायचे, कारण थंडीत रबर आखडतं. अधूनमधून ग्लेनही जोडकामाला बसायचा, आणि सगळ्यात जास्त बुडबुडे त्याच्याच सांध्यांतून यायचे.

"मिस्टर ग्लेन, तुमचे तीन परत."

"पुन्हा?"

"तुम्ही टोक सरळ कापता. तिरकं कापायचं. आणि गोंद वाळेपर्यंत बोट काढायचं नाही."

"तू रजिस्टरात लिहिलंस का?"

"हो. तुमच्या नावानं."

डोना एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ग्लेननं तिन्ही पुन्हा जोडले. त्याचे कान लाल झाले होते, पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातचा एकही परत आला नाही.

दहाचे अकरा दिवस झाले. माल गेला. मग सुरू झालं वाट बघणं. ऑक्टोबर लागला, जंगलात नवे कॅमेरे चढले, पाऊस झाला, पहिलं दव गोठलं. कुरिअरची गाडी दिसली की मी हातातलं काम खाली ठेवायचे. जुन्या मॉडेलचे दोन-तीन आले, एक अस्वलानं चावलेला आला. नव्याचं काही नाही. गाडी आली की ग्लेनही कारण काढून माझ्या टेबलाजवळ यायचा.

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात एक खोकं आलं. नवं मॉडेल. भिंगामागे धुकं.

मी दार उघडलं. खालच्या कोपऱ्यात सांधा सुटला होता. गोंद पुरता वाळायच्या आत सोडला की, टबात टिकला तरी, थंडीत असाच सुटतो. कॅमेऱ्याचा नंबर घेऊन मी आमच्या लाइनचा कागद काढला, कुठल्या ट्रेमधला, त्या दिवशी जोडकामावर कोण होतं ते बघायला. पहिल्या शुक्रवारचा ट्रे होता. चार वाजता जोडकाम करणारी बाई घरी गेली होती आणि शेवटचा ट्रे मी स्वतः जोडला होता. पिस्कॅटवेला दादाकडे गौरी जेवायच्या होत्या, वाटेत आयसेलिनला थांबून नारळ आणि विड्याची पानं घ्यायची होती, आणि हे बाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न देत होते.

म्हणजे सगळ्या मालातलं पहिलं खराब सील माझ्या हातचं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं, नवं सील बसवायचं, पुसायचं, लिहायचं 'ठीक'. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि रकाने भरले. काय सापडलं: सांधा सुटलेला, गोंद वाळला नव्हता. कुणी जोडला: नीला. कारण: घाई.

लिहून झालं तेव्हा ग्लेन मागे उभा होता. त्यानं वाकून वाचलं.

"फक्त एक?"

"आत्तापर्यंत एक."

"कसली घाई होती?"

मी त्याला गौरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. देवी माहेरी येते, तिला जेवायला घालायचं असतं, उशीर चालत नाही. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आणि वेळेवर पोचलात?"

"पोचलो. पानं मात्र विसरलो."

त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं. ओळीच्या शेवटी एक रिकामा रकाना असतो, पुढे काय करायचं त्याचा. दोन वर्षं मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. ग्लेननं त्यात लिहिलं: 'शुक्रवारी चारनंतर सीलचं काम बंद.'

तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारी चार वाजता टेबलं पुसली जातात आणि सगळे घरी जातात. नवीन लागलेली माणसं डोनाला विचारतात, हा असा नियम कशावरून पडला? ती सांगते, "नीलाच्या रजिस्टरात बघा, कारणासकट लिहिलंय."